फिटच्या गोळ्या आणि घरातला पाळणा

जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रण यंत्रणेने एक नियम लागू केला. फिट थांबवण्यासाठी दिले जाणारे सोडियम व्हॅल्प्रोएट हे औषध ५५ वर्षांखालील नव्या रुग्णाला, मग तो बाप्या असो की बाई, एकट्या डॉक्टरच्या सहीवर सुरू करता येणार नाही. दुसरे औषध चालत नाही, किंवा मूल होण्याशी निगडित धोका या रुग्णाला लागू नाही, असे दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे लिहून दिले पाहिजे. त्याच महिन्यात युरोपच्या औषध संस्थेने हे औषध घेणाऱ्या पुरुषांसाठीही सावधगिरीची सूचना काढली. त्याआधी, २०२३ मध्ये, मूल होण्याच्या वयातील मुली आणि स्त्रियांना हे औषध देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले होते.

तुम्ही म्हणाल, ब्रिटनच्या नियमाचं आम्हाला काय? आमच्याकडे पाऊस, कापसाचा भाव आणि विजेचं वेळापत्रक एवढ्यातच दिवस मावळतो. पण वाचकहो, हीच गोळी तालुक्याच्या मेडिकल दुकानात मिळते आणि आपल्या वाडीवस्तीवरच्या कुठल्या तरी घरात, ट्रंकेच्या तळाशी कपड्यांखाली लपवलेली असते. तिथे दोन तज्ज्ञ तर सोडाच, कित्येकदा एकसुद्धा नसतो. म्हणून हा विषय ब्रिटनपेक्षा आपल्याच जास्त कामाचा आहे.

दुखणे सगळ्यांना माहीत, बोलत कोणी नाही

डॉक्टरी भाषेत याला अपस्मार म्हणतात. आपण फिट म्हणतो, कुठे आकडी, कुठे फेफरं, कुठे मिरगी. जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे आणि भारतातला आकडा एक कोटीच्या वर धरला जातो. म्हणजे दोन-चार हजार वस्तीच्या गावात असे रुग्ण असणारच. नीट औषध मिळाले तर दर दहांपैकी सात जणांची फिट पूर्ण थांबू शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाहेरची बाधा, करणी, चप्पल हुंगवणे, कांदा नाकाला लावणे यांनी काही होत नाही, हे आता बऱ्याच गावांनी ओळखले आहे. गोळ्या चालू झाल्या, हे चांगलेच झाले.

पण गोळ्या चालू झाल्यावर पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. लग्न होते, दोन-तीन वर्षे पाळणा हलत नाही, पाळी मागे-पुढे होते, पोरीच्या हनुवटीवर लव वाढते, वजन वाढते. किंवा याच्या उलट होते. पाळणा लांबवण्यासाठी आशाताईकडून घेतलेली गोळी रोज न चुकता खाऊनही दिवस जातात. घरात भांडण लागते आणि दोष नेहमीप्रमाणे सुनेच्या पदरात पडतो. या दोन्ही गोष्टींचा धागा ट्रंकेतल्या त्या गोळीशी जुळलेला असू शकतो, हे ना सासूला माहीत असते ना नवऱ्याला.

गोळी शरीरात काय करते

गोष्ट सोपी करून सांगतो. कापसाच्या शेजारच्या रानात कोणी टू-फोर-डी हे तणनाशक मारले आणि वारा फिरला, तर तण मरतेच, पण आपल्या कापसाची पानेही वळतात. औषध खोटे नव्हते, पण जिथे जायला नको तिथे गेले. फिटच्या काही गोळ्यांचे असेच होते. त्या मेंदूतला बिघाड आवरतात, पण जाता जाता यकृताला, म्हणजे लिव्हरलाही धक्का देतात.

फिनोबार्बिटोन (आपल्याकडे गार्डिनल म्हणून ओळखीची), फेनिटॉइन (एप्टॉइन) आणि कार्बामाझेपिन (टेग्रिटॉल, मॅझेटॉल) या जुन्या गोळ्या यकृताचे काम वाढवतात. शरीरातली लैंगिक संप्रेरके, म्हणजे स्त्रीपण आणि पुरुषपण सांभाळणारे रस, यकृतात मोडून बाहेर टाकले जातात. यकृत जोरात चालले की हे रस लवकर संपतात. शिवाय रक्तात या रसांना बांधून ठेवणारे एक प्रथिन असते, तेही या गोळ्यांनी वाढते. रक्त तपासले तर एकूण रस ठीक दिसतो, पण बराचसा बांधलेला असतो. मोकळा असतो तोच कामाचा आणि तोच कमी पडतो. विहिरीत पाणी आहे, पण मोटारीला वीज नाही, तशातली गत.

व्हॅल्प्रोएटचे काम उलट्या बाजूने चालते. ते यकृताला जोर देत नाही, पण काही बायकांत पुरुषी संप्रेरक वाढवते, वजन वाढवते आणि अंडाशयात बारीक गाठी दिसू लागतात. डॉक्टर याला पीसीओडी म्हणतात. फिनलंडमधल्या औलू शहरातील डॉक्टरांनी १९९३ मध्ये फिटच्या २३८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फक्त व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या स्त्रियांपैकी शंभरात ४५ जणींची पाळी बिघडलेली आढळली आणि ४३ जणींच्या अंडाशयात अशा गाठी होत्या. ज्यांना वयाच्या विसाव्या वर्षाआधी हे औषध सुरू झाले, त्यांच्यात गाठी किंवा पुरुषी संप्रेरकाची वाढ, यांपैकी काहीतरी शंभरात ८० जणींना होते. शाळकरी मुलीला कोणती गोळी सुरू होते, हे म्हणूनच महत्त्वाचे.

केरळातला आकडा

ही झाली परदेशची गोष्ट. आपल्या देशातही मोलाचे काम झाले आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने १९९८ पासून फिटच्या आजारी स्त्रियांची गरोदरपणाची नोंदवही ठेवली आहे. मूल हवे असलेल्या ३७५ स्त्रियांवर तिथल्या डॉक्टरांनी काही वर्षे लक्ष ठेवले आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापला. शंभरात सुमारे ३८ जणींना त्या काळात दिवस गेले नाहीत. पण खरा धडा पुढे आहे. ज्या स्त्रिया कोणतीच फिटची गोळी घेत नव्हत्या, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात ७ होते. एका औषधावर असलेल्यांत सुमारे ३२, दोन औषधांवर सुमारे ४१ आणि तीन किंवा जास्त औषधांवर ६०. फिनोबार्बिटोन घेणाऱ्यांत त्रास अधिक दिसला.

हा आकडा वाचून घाबरून जाऊ नका. ज्यांना तीन-तीन औषधे लागतात त्यांचा आजारही जास्त जोराचा असतो, आणि मेंदूच्या विशिष्ट भागातली फिट स्वतःही संप्रेरकांचा तोल बिघडवते. त्याच अभ्यासात जास्त वय आणि कमी शिक्षण यांचाही परिणाम दिसला. दुसरीकडे, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आधीपासून वंध्यत्वाची तक्रार नसलेल्या फिटच्या स्त्रियांना आणि इतर स्त्रियांना दिवस जाण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले, शंभरात साठच्या घरात. म्हणजे फिट येणारी बाई वांझ, हे खोटे आहे. औषध नीट निवडले आणि त्यांची संख्या आटोक्यात ठेवली, तर बहुतेकींना मूल होते.

आपल्याकडे औषधांची संख्या वाढते कशी, ते पाहा. पहिल्या डॉक्टरने एक गोळी दिली. फिट पुन्हा आली, म्हणून जिल्ह्याच्या डॉक्टरकडे गेलो. जुनी चिठ्ठी पावसात भिजली, म्हणून त्यांनी नवी गोळी दिली आणि घरच्यांनी जुनीही चालू ठेवली. तिसऱ्याने तिसरी जोडली. एकही डॉक्टर चुकला नाही, पण पोरीच्या पोटात तीन औषधे गेली. केरळातला आकडा आपल्याला हेच सांगतो की, कागद जपा आणि जुने बंद करायचे का, हे दर वेळी डॉक्टरला विचारा.

पाळणा लांबवण्याची गोळी फसते तेव्हा

आता आशाताई आणि आरोग्य सेविकांसाठी महत्त्वाचे. फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असताना माला-एन किंवा माला-डीवर भरवसा ठेवता येत नाही. यकृताचा जो जोर शरीरातला रस संपवतो, तोच या गोळीतला रसही संपवतो. बाईने एकही दिवस चुकवला नाही तरी दिवस राहू शकतात. फिटची गोळी बंद केल्यावरही हा परिणाम सुमारे चार आठवडे टिकतो. अशा बाईसाठी तांबी चांगली, कारण तिचे काम संप्रेरकावर चालत नाही. २०१७ पासून सरकारी दवाखान्यात मिळणारे अंतरा हे तीन महिन्यांचे इंजेक्शनही या औषधांनी फारसे निकामी होत नाही. मात्र या गोळ्या आणि हे इंजेक्शन दोन्हींनी हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो, म्हणून निर्णय डॉक्टरला विचारूनच घ्यावा.

लॅमोट्रिजिन नावाच्या औषधाचे उलटे आहे. पाळणा लांबवणारी नेहमीची गोळी चालू केली की रक्तातले लॅमोट्रिजिनच निम्म्यापर्यंत घसरते आणि बंद असलेली फिट पुन्हा येते. म्हणून कुटुंब नियोजनाची गोळी हातात देण्याआधी एकच प्रश्न विचारा, ‘ताई, दुसरी कसली गोळी रोज चालू आहे का?’ आणि तो सासूसमोर नव्हे, एकटीला विचारा.

बाप्यांची गोष्ट

मूल होत नाही म्हटले की तपासणीला बाईच जाते. पण जुन्या गोळ्यांनी पुरुषाचे मोकळे संप्रेरकही कमी होते. इच्छा कमी होणे, ताठरता न येणे, शुक्राणूंची संख्या किंवा हालचाल घटणे हे काहींच्या बाबतीत घडते. व्हॅल्प्रोएटनेही शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो. दिलासा असा की, डोस कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर पुष्कळदा ते भरून येते. पण आपला गडी हे डॉक्टरला सांगत नाही. तो भोंदू वैद्याच्या जाहिरातीतली ताकदीची पुडी आणतो किंवा दारूकडे वळतो, आणि दारूने फिट पुन्हा उसळते. साध्या वीर्य तपासणीला लाजण्यासारखे काही नाही. घरातल्या दोघांचीही तपासणी झाल्याशिवाय बाईला नवससायासाला आणि दवाखान्याच्या फेऱ्यांना लावू नका.

युरोपच्या संस्थेने २०२४ मध्ये पुरुषांबद्दल जी सूचना काढली, तिचे मूळ असे. मूल राहण्याआधीच्या तीन महिन्यांत बापाने व्हॅल्प्रोएट घेतले असेल, तर मुलांत वाढीचे व बुद्धीचे काही दोष शंभरात सुमारे ५ जणांत दिसले. बाप लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटाम घेत असेल, तिथे हे प्रमाण सुमारे ३ होते. हे पक्के सिद्ध झालेले नाही, आणि डेन्मार्कमधल्या २०२४ च्याच एका अभ्यासात असा संबंध आढळला नाही. तरी मूल हवे असेल तर आधी डॉक्टरशी बोलावे, एवढे सांगणे रास्त आहे.

पोटातल्या बाळाचा धोका

आईच्या बाबतीत मात्र शंका उरलेली नाही. गरोदरपणी व्हॅल्प्रोएट घेतल्यास शंभरात सुमारे ११ बाळांना जन्मजात व्यंग असते, जे एरवी दोन-तीन बाळांत असते. पाठीचा कणा उघडा राहणे हे त्यातलेच एक. शिवाय शंभरातल्या ३० ते ४० मुलांचे चालणे, बोलणे, शिकणे मागे पडते. हे औषध फ्रान्समध्ये १९६७ पासून विकले जाऊ लागले. तिथे हजारो कुटुंबांचे नुकसान झाल्यावर आयांनी संघटना केली, कोर्टात गेल्या आणि सरकारला भरपाईची योजना आणावी लागली. नियम उगाच कडक झालेले नाहीत. त्यामागे त्या आयांची दहा-दहा वर्षांची पायपीट आहे.

पण गोळी एकाएकी बंद करू नका

हे वाचून कोणी आज रात्रीची गोळी उकिरड्यावर टाकेल, तर हा लेख न लिहिलेला बरा होता. गोळी एकदम थांबवली तर फिटमागून फिट येते, शुद्ध येत नाही आणि माणूस दगावू शकतो. विहिरीच्या काठावर, चुलीपुढे, ट्रॅक्टरवर एक फिट पुरेशी असते. गरोदर बाईला मोठी फिट आली तर आई आणि बाळ दोघांनाही धोका. सुनेला दिवस गेल्याचे कळताच घरच्यांनी ‘बाळाला बाधेल’ म्हणून गोळी काढून घेणे, ही फार मोठी चूक ठरते. औषध बदलायचे असेल तर ते हळूहळू, एक वाढवत दुसरे कमी करत, आणि शक्यतो दिवस जाण्याच्या आधीच बदलायचे असते. लग्न ठरले की डॉक्टरकडे जाण्याची ती योग्य वेळ. त्याच वेळी फॉलिक अॅसिडची गोळीही किती घ्यायची ते विचारावे.

जुनी गोळी स्वस्त आहे म्हणून ती वाईट, असेही समजू नका. फिनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पन्नाशीच्या माणसाची फिट तिच्यावर बंद असेल तर उगाच हात लावण्यात शहाणपण नाही. लेव्हेटिरासिटाम आणि लॅमोट्रिजिन ही औषधे संप्रेरकांना कमी छेडतात आणि गरोदरपणात व्हॅल्प्रोएटपेक्षा खूपच सुरक्षित मानली जातात. पण त्यांचीही खोडी आहे. पहिल्याने काहींची चिडचिड वाढते. दुसरे फार सावकाश वाढवावे लागते, नाहीतर अंगावर धोक्याचे पुरळ उठते. गरोदरपणात रक्तातली त्यांची पातळी घसरते, म्हणून डोसवर लक्ष ठेवावे लागते. कोणाला कोणते लागू पडेल, हे शेजाऱ्याच्या अनुभवावरून ठरत नाही.

कायदा कोणाच्या बाजूने आहे

सरपंच, पोलीस पाटील आणि तंटामुक्तीचे काम पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी फिट ही लग्नाला अडसर ठरवली होती. १९९९ मध्ये ‘अपस्मार’ हा शब्द कायद्यातून काढून टाकला गेला. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका प्रकरणात स्पष्ट सांगितले की, अपस्मार हा असाध्य रोग नव्हे, वेड नव्हे आणि घटस्फोटाचे कारणही नव्हे. तेव्हा ‘हिला फिट येते, घेऊन जा’ म्हणून कोणी पंचांपुढे उभा राहिला, तर त्याला कायदा सांगा.

मात्र आईबापांनाही एक सांगणे. आजार लपवून लग्न लावल्यावर पोरगी सासरी गोळी चोरून खाते, कधी चुकवते आणि नेमकी तिथेच फिट येते. लपवलेल्या गोळीबद्दल ती डॉक्टरला विचारू शकत नाही, पाळणा लांबवायची गोळी देणाऱ्या आशाताईलाही सांगू शकत नाही. वर सांगितलेले सगळे धोके या लपवण्यामुळे दुप्पट होतात. उघड सांगून ठरलेले एक स्थळ, लपवून ठरलेल्या दहा स्थळांपेक्षा बरे.

आता गावाने काय करावे

ब्रिटनचा दोन तज्ज्ञांचा नियम आपल्या तालुक्यात जसाच्या तसा चालणार नाही, कारण मेंदूविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी आणि त्याहून मोठ्या शहरांतच बसतात. पण नियमाचा गाभा आपण घेऊ शकतो. मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक रुग्णाला औषध देताना मुलाबाळाचा विचार आधी व्हावा. त्याला पैसा लागत नाही, विचारण्याची सवय लागते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात फिटच्या रुग्णांची यादी असेल, तर त्यातल्या पंधरा ते पंचेचाळीस वयाच्या स्त्रिया कोणत्या गोळीवर आहेत, हे वेगळे पाहावे. व्हॅल्प्रोएटवर असलेल्या मुलींना लग्नाआधी तज्ज्ञाकडे पाठवावे. प्रवास परवडत नसेल तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत ई-संजीवनीवरून दूरच्या डॉक्टरचा सल्ला घेता येतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या ओपीडीतही फिटचे रुग्ण पाहिले जातात. ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत सरपंचांनी एक साधा प्रश्न विचारावा. फिटच्या गोळ्या या महिन्यात आल्या का? सरकारी गोळी संपली की रुग्ण मिळेल ती गोळी घेतो आणि सगळे बिघडते. लेव्हेटिरासिटाम जनऔषधी दुकानात जेनेरिक रूपात मिळते, हेही लोकांना माहीत करून द्यावे.

रुग्णाच्या घरच्यांनी एक वही ठेवावी. कोणती गोळी, किती, कधीपासून, फिट कधी आली, पाळी कधी आली. काही बायकांना पाळीच्या सुमारासच फिट येते, हे वहीवरूनच डॉक्टरच्या लक्षात येते. पीककर्जाचा सात-बारा आपण जसा प्लॅस्टिकच्या पिशवीत जपतो, तशी ही वही जपा. पाळी चुकते, वजन वाढते, लव वाढते, नवराबायकोत अडचण आहे, यातले काहीही असेल तर पुढच्या फेरीला डॉक्टरला सांगा. डॉक्टरसमोर गर्दी असते, तो आपणहून विचारेलच असे नाही.

फिट गेली, म्हणजे अर्धे काम झाले. त्या माणसाचा संसार उभा राहिला, तर उरलेले अर्धे झाले. गोळ्या बदलता येतात, डोस कमी-जास्त करता येतो, तांबी बसवता येते. बोलायचे टाळून मोडलेला संसार मात्र कुठल्याच दवाखान्यात जोडून मिळत नाही.